साइट मोबाइलवर उघडते, घरच्या फायबरवर नाही: आधी अडलंय कुठे ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी गावातल्या केबलवाल्याचं फायबर आहे. प्रोजेक्टसाठी ज्या साइटवरून कोड आणि लायब्ररी उतरवता, ती पंधरा-वीस दिवसांपासून घरी उघडत नाही. मोबाइल डेटावर मात्र लगेच उघडते. कस्टमर केअरवाले म्हणतात, साइटच डाऊन आहे. एक मित्र म्हणतो डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) बदल, दुसरा म्हणतो व्हीपीएन (सगळा व्यवहार दुसऱ्या कंपनीमार्फत पाठवणारी सेवा) टाक, आणि घरचे म्हणतात असलं काही केलंस तर पोलीस दारात येतील. यातलं खरं काय आणि करायचं काय?

मी अशाच एका प्रादेशिक इंटरनेट कंपनीच्या एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षात, बरीच वर्षं काम करतो. गावोगावच्या लाइनी येऊन मिळतात आणि लिंक पडली की रात्री फोन वाजतो, ती ही खोली. साइट ब्लॉक करायचे आदेशही शेवटी याच खोलीत येतात. त्यामुळे पलीकडच्या बाजूने हे सगळं कसं दिसतं, ते सांगू शकतो.

डीएनएस बदलायचा की व्हीपीएन टाकायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की साइट नेमकी कुठल्या टप्प्यावर अडली आहे आणि ती कुणी अडवली आहे. मोबाइल डेटावर उघडते म्हणजे साइट डाऊन नाही, एवढं नक्की. पण म्हणून ती ब्लॉक केलीय असंही लगेच म्हणता येत नाही. छोट्या कंपन्यांच्या नेटवर्कवर असं होण्याची साधी तांत्रिक कारणंही बरीच असतात. लोक मात्र थेट सेन्सॉरशिपवर येतात.

माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींमध्ये वारंवार दिसणारं कारण म्हणजे सामायिक पत्ता. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते संपत आल्यामुळे छोट्या कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात. त्यातल्या एखाद्या घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागून तो स्पॅम पाठवू लागला, की तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि काही साइट त्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्यांनाच दार लावतात. तेव्हा पानावर बहुतेक ‘ॲक्सेस डिनाइड’ किंवा ४०३ असं दिसतं, नाहीतर ‘तुम्ही माणूस आहात का’ ही परीक्षा संपतच नाही. दुसरं कारण पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याच्या, आकाराचं. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर पॅकेटची कमाल मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. राउटरमध्ये हे नीट बसवलेलं नसेल, तर काही साइट अर्ध्या उघडून लटकतात. तिसरं कारण आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. कंपनीने ते चालू केलेलं असतं, पण पुढे कुठेतरी रस्ता तुटलेला असतो. या तिन्हींत सरकारचाही संबंध नाही आणि कोर्टाचाही नाही. दुरुस्ती कंपनीच्याच हातात असते.

चौथा प्रकार परदेशातले आपले लोक ओळखतील. आपल्याकडच्या अनेक सरकारी साइट भारताबाहेरून उघडतच नाहीत, कारण त्या साइटच्याच सर्व्हरवर तशी बंदी घातलेली असते. दुबईत किंवा लंडनमध्ये बसून तिथल्या इंटरनेट कंपनीशी भांडून त्यात काही निष्पन्न होत नाही.

आता तपासणी. ती कुठल्याही लॅपटॉपवर करता येते. आधी ब्राउझरची खासगी विंडो उघडून आणि घरातल्या दुसऱ्या उपकरणावर साइट उघडून बघा. शक्य असेल तर त्याच केबलवाल्याचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडेही बघा. त्याच्याकडे उघडत असेल, तर भानगड बहुधा तुमच्या घरातच आहे.

मग कमांड प्रॉम्प्टवर ‘एनएसलुकअप’ (nslookup), एक जागा सोडून साइटचं नाव, आणि एंटर. हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. तुमच्या कंपनीचा डीएनएस त्या नावाचा कुठला पत्ता सांगतो, ते यात दिसतं. पुन्हा तेच करा, पण शेवटी आणखी एक जागा सोडून ८.८.८.८ लिहा. आता तोच प्रश्न गूगलच्या डीएनएसला जातो. पहिल्या वेळी ०.०.०.० किंवा १२७.०.०.१ आलं, ‘असं नावच नाही’ असं आलं, किंवा १० ने सुरू होणारा खासगी पत्ता आला, आणि दुसऱ्या वेळी व्यवस्थित सार्वजनिक पत्ता आला, तर कंपनीच्या डीएनएसमध्ये ब्लॉक टाकलाय. इथे एक खबरदारी घ्या. मोठ्या साइटचे सर्व्हर जगभर पसरलेले असतात, त्यामुळे दोन डीएनएस दोन वेगवेगळे पण खरे पत्ते देऊ शकतात. नुसता फरक म्हणजे पुरावा नाही. उत्तर खोटं आहे का ते बघायचं. उलट काही नेटवर्कवर ८.८.८.८ ला विचारलेला साधा प्रश्नही वाटेत पकडून कंपनीच स्वतःचं उत्तर देते. मग दोन्ही उत्तरं सारखीच खोटी येतात.

पत्ता बरोबर मिळूनही साइट उघडत नसेल, तर ती कशी अडखळते ते बघा. एंटर मारताक्षणी ‘कनेक्शन रिसेट झालं’ असं आलं, तर वाटेत कुणीतरी साइटचं नाव वाचून जोडणी तोडतंय, असा दाट संशय घ्यायला हरकत नाही. एचटीटीपीएसमध्ये पानाचा मजकूर कुलूपबंद जातो हे खरं, पण जोडणी सुरू होताना ब्राउझर साइटचं नाव बहुतेक वेळा उघडपणे पाठवतो. या भागाला एसएनआय म्हणतात. कंपनीच्या फिल्टरला तेवढं पुरतं. याउलट पान मिनिटभर फिरत राहून मग ‘टाइम आउट’ झालं, तर पत्त्यावरच ब्लॉक असू शकतो, नाहीतर मघाशी सांगितलेली रस्त्याची भानगड असू शकते. इथे मी घाईने निष्कर्ष काढत नाही. ट्रेसराउट करून पॅकेट कुठपर्यंत जातंय ते आधी बघतो.

हे सगळं एका ठिकाणी करणारं ‘ऊनी प्रोब’ नावाचं मोफत ॲप आहे. नाव, जोडणी आणि पान या तिन्ही पायऱ्या ते तपासतं आणि अडथळा कुठे दिसतो ते सांगतं. निकाल सार्वजनिक होतात. त्यात तुमचं नाव नसतं, पण कुठल्या कंपनीच्या नेटवर्कवरून आणि कधी तपासलं ते असतं. प्रोजेक्टच्या कोडसाठी त्याने काही बिघडत नाही. साइट नाजूक विषयाची असेल तर चालवण्याआधी विचार करा.

समजा ब्लॉकच निघाला. मग तो कुणाच्या सांगण्यावरून? आपल्याकडे दोन मुख्य वाटा आहेत. एक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ए आणि त्याखालचे २००९ चे नियम. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार यानुसार ब्लॉक करायला सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दलचं ६६ए हे कलम रद्द केलं, पण ६९ए कायम ठेवलं, आणि ते ठेवताना एक आधार दिला तो हा, की ब्लॉक करण्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणून त्यांना आव्हान देता येतं. पण त्याच नियमांतला १६ वा नियम हा सगळा व्यवहार गोपनीय ठेवायला सांगतो. दुसरी वाट कोर्टाची. त्यात बहुतेक चित्रपट, क्रिकेटचं प्रक्षेपण आणि पुस्तकं-नियतकालिकं यांच्या कॉपीराइटचे दावे असतात. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये यूटीव्ही या चित्रपट कंपनीच्या खटल्यात अशी सोय करून दिली, की पायरेट साइट नवं नाव घेऊन आली तर पुन्हा नवा दावा न लावता तीही यादीत घालता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये याच न्यायालयाने साय-हब ही शोधनिबंध फुकट देणारी साइट ब्लॉक करायला सांगितली. तेव्हा संशोधन करणाऱ्या मुलांचे फोन आमच्याकडेही आले.

आता या खोलीत काय होतं ते. आदेश येतो तो बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. ओळीओळीने पत्ते. कुठे पूर्ण लिंक, कुठे नुसतं डोमेन. कुठे मध्येच एक स्पेस पडलेली, कुठे स्कॅनमध्ये एल आहे की एक, ते कळत नाही. समजा, यादीत एका मोठ्या साइटवरच्या एकाच पानाची लिंक आहे. एचटीटीपीएसमुळे कंपनीला फक्त साइटचं नाव दिसतं. नावापुढचं पान दिसत नाही. म्हणजे तेवढं एकच पान अडवणं कंपनीला शक्यच नसतं. एक तर सगळी साइट अडवा, नाहीतर काहीच अडवू नका. दुसरीकडे ६९ए चा आदेश पाळला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद कायद्यातच आहे, शिवाय लायसन्सच्या अटी वेगळ्या. अशा वेळी पंचवीस-तीस हजार पगारावरचा इंजिनिअर काय करणार? तो पूर्ण डोमेन ब्लॉक करतो आणि ‘पूर्तता झाली’ असा मेल पाठवतो. चुकून न अडवलं तर त्याची नोकरी जाईल. चुकून जास्त अडवलं तर कुणी विचारत नाही. जास्तीचे ब्लॉक या एका फरकातून जन्माला येतात, आणि ब्लॉक उठवायची यादी क्वचितच येते, त्यामुळे ते तसेच राहून जातात.

हे काल्पनिक नाही. २००६ च्या जुलैत, मुंबईतल्या लोकलमधल्या स्फोटांनंतर काही दिवसांतच सरकारने मोजक्या ब्लॉगची यादी दिली, आणि बऱ्याच कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद करून टाकलं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या विनंतीवरून ३२ साइटची यादी निघाली. त्यात कोड ठेवायची गिटहब, व्हिमिओ, पेस्टबिन आणि इंटरनेट अर्काइव्ह होते. कोड लिहिणाऱ्यांची कामं अडली. मग टप्प्याटप्प्याने ब्लॉक उठले. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी सहा मोठ्या कंपन्यांची नेटवर्कं तपासली, तेव्हा निदान एका ठिकाणी तरी ब्लॉक असलेल्या ४०३३ साइट निघाल्या. त्यातल्या सहाही ठिकाणी ब्लॉक असलेल्या फक्त १११५. आदेश एकाच सरकारचे, कोर्टं तीच, तरी एवढी तफावत. तेव्हा तुमच्या घरी बंद आणि मोबाइलवर चालू, हे मुळीच नवल नाही.

तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचं प्रकरण व्हीएलसी प्लेअरचं. २०२२ च्या सुरुवातीपासून हा प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेची अधिकृत साइट भारतात अनेक नेटवर्कवर उघडेना. कारण जाहीर झालं नाही. आपल्या लोकांनी काय केलं? ज्यांना माहिती होती त्यांनी डीएनएस बदलला. बाकीच्यांनी सर्चमध्ये जी पहिली साइट दिसली तिथून प्लेअर उतरवला, आणि अशा अनोळखी साइटवर सॉफ्टवेअरसोबत आणखी काय काय येतं हे आपण दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरवर बघतोच. शेवटी त्या संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली. नोव्हेंबरमध्ये ब्लॉक उठला. म्हणजे खरी, सुरक्षित साइट कित्येक महिने बंद होती, आणि ती उघडली तेव्हा कुणीतरी लेखी दाद मागितली होती म्हणून उघडली.

म्हणून माझं ठाम मत आहे, की आडवाट काढा, पण तक्रार केल्याशिवाय गप्प बसू नका. तांत्रिक समज असलेली माणसं दोन मिनिटांत आपापली सोय करून घेतात, त्यामुळे कंपनीच्या नोंदीत तक्रारच नसते. तक्रार नाही म्हणजे अडचण नाही, असं धरलं जातं. ज्याला डीएनएस म्हणजे काय ते माहीत नाही, त्या शेजारच्या मुलीसाठी ती साइट कायमची बंद राहते.

सोय कशी करायची? अडथळा नुसता डीएनएसमध्ये असेल तर ब्राउझरमधला ‘सिक्युअर डीएनएस’ चालू करणं हा सगळ्यात हलका उपाय. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत ती सोय आहे. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ मिळतो. यात तुमचा प्रश्न कुलूपबंद जातो, त्यामुळे वाटेत पकडून खोटं उत्तर देता येत नाही. साधा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून काम झालं तर झालं, पण वर सांगितल्याप्रमाणे तो पकडला जाऊ शकतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रायव्हेट डीएनएस सक्तीचा केला की स्टेशनवरच्या किंवा कॉलेजच्या वायफायचं लॉगिन पान कधीकधी येतच नाही. तेवढ्यापुरता बंद करावा लागतो. आणि घरात लहान मुलांसाठी डीएनएसवरच फिल्टर लावला असेल तर तोही निघून जातो.

एसएनआय वाचून तोडत असतील तर डीएनएस बदलून काही होणार नाही. तिथे व्हीपीएन लागतो. व्हीपीएनबाबत मात्र मी सावध सांगेन. व्हीपीएन म्हणजे तुमचा सगळा व्यवहार आता केबलवाल्याऐवजी त्या व्हीपीएन कंपनीच्या हातून जाणार. प्ले स्टोअरवरची कुठली तरी फुकट व्हीपीएन टाकणं, हे मी माझ्या घरच्यांना करू देत नाही. नावाजलेली, पैसे घेणारी सेवा घ्या, आणि ती चालू असताना बँकेचे व्यवहार करू नका. परदेशी पत्ता दिसला की बँकेची यंत्रणा खातं अडकवू शकते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. तो नियम कंपन्यांसाठी होता. तुम्ही व्हीपीएन वापरण्यावर त्याने बंदी आलेली नाही.

आता पोलिसांचं. व्हीपीएन वापरणं हाच गुन्हा, असा कायदा देशभर लागू नाही. लाखो लोक ऑफिसचं काम रोज व्हीपीएनवरच करतात. अपवाद आहेत. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ठरावीक काळापुरती व्हीपीएनवर बंदी घातली होती, आणि अशा आदेशाचा भंग तिथे गुन्हा ठरतो. तेव्हा आपण कुठे आहोत यावर हे अवलंबून आहे. तसंच, व्हीपीएनमधून तुम्ही जे करता ते बेकायदा असेल तर ते बेकायदाच राहतं. घरच्यांच्या भीतीचं मूळ बहुधा २०१६ मध्ये ब्लॉक झालेल्या पानांवर झळकणाऱ्या त्या इशाऱ्यात असावं, ज्यात पायरेट सिनेमा नुसता बघणंही शिक्षेस पात्र असल्यासारखं लिहिलं होतं. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की नुसतं बघणं हा कॉपीराइट कायद्याखालचा गुन्हा नाही, वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री यांत तो आहे. आणि ब्लॉकच्या पानावर दाव्याचा तपशील नि दाद मागायची सोय असावी, यावरही त्यांनी भर दिला. ते सगळीकडे पाळलं गेलं असतं, तर तुम्हाला हा प्रश्न विचारावाच लागला नसता. तुमचा विषय सिनेमाचाही नाही. एखाद्या खुल्या लायब्ररीचा कोड उतरवण्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तक्रार कशी करायची ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांची हवा जाते. फोनवरच्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर ‘साइट डाऊन’ आणि ‘राउटर रीस्टार्ट करा’ एवढेच पर्याय असतात. लेखी मेल करा. त्यात ग्राहक क्रमांक, साइटचं नाव, केव्हापासून उघडत नाही, एनएसलुकअपची दोन्ही उत्तरं जशीच्या तशी, आणि मोबाइल डेटावर उघडते याचा वेळ दिसणारा स्क्रीनशॉट. मग एकच प्रश्न विचारा: ही साइट तुमच्या नेटवर्कवर कुठल्या सरकारी किंवा कोर्टाच्या आदेशाने अडवली आहे? तसा आदेश नसेल तर ती खुली करा. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. असा मेल कस्टमर केअरला झेपत नाही, म्हणून तो वर सरकतो आणि एनओसीपर्यंत पोचतो. आमच्याकडे असा नेमका मेल आला की यादी काढून बघावीच लागते, आणि टायपिंगच्या चुकीने किंवा जुन्या यादीतून राहून गेलेली नोंद असेल तर ती काढायला पाच मिनिटं पुरतात. आदेश नसताना स्वतःहून एखादी साइट अडवायची मुभा कंपनीला नाही. २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या (सगळ्या साइटना सारखी वागणूक देण्याच्या) अटी लायसन्समध्येच घातल्या आहेत, त्यांचा उल्लेख मेलमध्ये जरूर करा.

एक शक्यता अशी, की तुमचा केबलवाला प्रामाणिकपणे ‘आम्ही काही केलेलं नाही’ म्हणेल. तेही खरं असू शकतं. छोट्या कंपन्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घेतात, आणि त्या वरच्या कंपनीचा फिल्टर खालच्या सगळ्यांना लागू होतो. तेव्हा त्याला तीच तक्रार वर पाठवायला सांगा.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याचं नाव-पत्ता कंपनीच्या साइटवर बघा. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. त्यानंतर केंद्राचं तक्रार पोर्टल, दूरसंचार विभागाच्या नावाने. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, दूरसंचार विभाग आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय दोन्हीकडे: या साइटबाबत ब्लॉकचा आदेश आहे का? १६ व्या नियमाकडे बोट दाखवून माहिती नाकारली जाण्याची शक्यता बरीच आहे. पण ‘असा आदेश नाही’ असं उत्तर आलं, तर ते कंपनीपुढे ठेवायला भक्कम कागद होतो. आणि साइट चालवणाऱ्यांनाही कळवा. आपली साइट भारतात बंद आहे हे त्यांना बहुधा माहीतच नसतं, आणि कोर्टात किंवा मंत्रालयात त्यांचं म्हणणं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ऐकलं जातं. हुंड्यावर उपरोधाने टीका करणाऱ्या ‘डाऊरी कॅल्क्युलेटर’ या साइटच्या मालकाला ब्लॉकच्या आदेशाची प्रत आणि सुनावणी मिळावी, असं दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. मालक स्वतः कोर्टात गेला म्हणून ते घडलं.

तुमच्या वर्णनावरून, आणि कोडची साइट आहे हे धरून, मला डीएनएसमधला ब्लॉक किंवा सामायिक पत्त्याची भानगड यांपैकी एक वाटतंय. आज रात्री दोन्ही एनएसलुकअप करा आणि ब्राउझर शब्दशः काय म्हणतो ते लिहून ठेवा. पानावर ४०३ येत असेल तर आदेशाचा प्रश्न विचारू नका, ‘माझा सार्वजनिक पत्ता बदलून द्या’ एवढंच लिहा. ०.०.०.० येत असेल तर वरचा मेल जसाच्या तसा पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत ब्राउझरमधला सिक्युअर डीएनएस लावून प्रोजेक्टचं काम चालू ठेवा.